पडद्यावरची कृष्णा ऐकू येते का? सिनेमातल्या आवाजांची ओळख

वाई आणि मेणवली हा भाग गेली वीस-पंचवीस वर्षं हिंदी सिनेमावाल्यांचा लाडका आहे. प्रकाश झा यांचा 'गंगाजल' (२००३), आशुतोष गोवारीकर यांचा 'स्वदेस' (२००४), विशाल भारद्वाज यांचा 'ओंकारा' (२००६), अभिनव कश्यप यांचा 'दबंग' (२०१०) या सगळ्यांचं थोडंफार किंवा बरंचसं चित्रीकरण इथं झालं. कथा मात्र चारही उत्तर प्रदेश-बिहारकडच्या. घाट कृष्णेचा, देवळं पेशवाईतली, पाठीमागचे डोंगर सह्याद्रीचे. तरी प्रेक्षक बिनतक्रार मानतो की आपण गंगेकाठच्या मुलखात आहोत.

वेशभूषा आणि दुकानांच्या पाट्या यात थोडा हातभार लावतात. बाकीचं बहुतेक काम आवाजाचं. पात्रांच्या बोलण्याची ढब, पानटपरीवरचा रेडिओ, लांबून येणारी हाळी, लग्नघरातलं गाणं हे सगळं तिकडचं असलं की डोळ्यांसमोरची वाई तिकडची होते. एवढी ताकद ज्या गोष्टीत आहे, तिच्याकडे आपण सिनेमा बघताना फारसं लक्ष देत नाही. 'बघताना' म्हणतो, तिथंच कान मागे पडतो. सातारा-सांगलीच्या मातीतल्या गोष्टी सांगणारे सिनेमे आता पुष्कळ निघतात. त्यांत इथला आवाज किती असतो हे ओळखायचं, तर सिनेमात आवाज किती तऱ्हांनी येतो ते आधी माहीत हवं.

आवाज सांभाळणारी माणसं

ढोबळमानानं सिनेमातला आवाज म्हणजे संवाद, परिसराचा आवाज, हालचालींचे आवाज, खास परिणाम, संगीत आणि शांतता. हे सगळं एका माणसाचं काम नव्हे. 'ओंकारा'ला ध्वनीसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा त्यावर तीन नावं होती: शजिथ कोयेरी, सुभाष साहू आणि के. जे. सिंग. पुढे २००९ च्या चित्रपटांपासून सरकारनं या पुरस्काराचे तीन भागच केले. चित्रीकरणाच्या जागी आवाज टिपणारा एक, सगळ्या आवाजांची रचना करणारा दुसरा आणि शेवटी त्यांचं मिश्रण करणारा तिसरा. साउंड रेकॉर्डिस्ट, साउंड डिझायनर आणि मिक्सिंग इंजिनिअर अशी त्यांची रोजच्या वापरातली नावं. श्रेयनामावली सरकते तेव्हा आपण खुर्चीवरून उठलेलो असतो, म्हणून ही नावं सहसा कुणाच्या वाचनात येत नाहीत.

संवाद: जागेवरचा आणि स्टुडिओतला

संवाद टिपायच्या दोन पद्धती. एक, कॅमेरा चालू असतानाच नटाचा आवाज नीट टिपायचा आणि तोच सिनेमात वापरायचा. याला सिंक साउंड म्हणतात. दुसरी, जागेवर फक्त कामचलाऊ आवाज घ्यायचा (तो पायलट ट्रॅक) आणि नंतर स्टुडिओत पडद्याकडे बघत नटानं पुन्हा बोलायचं. हे डबिंग. सिनेमा बोलू लागला तेव्हा दुसरी पद्धत नव्हतीच. सगळं जागेवरच टिपावं लागे. पुढे बाहेरचं चित्रीकरण वाढलं, कॅमेरे घरघरणारे होते, आणि आपल्याकडे काही दशकं डबिंगचंच राज्य राहिलं. 'लगान'नं (२००१) मोठ्या पसाऱ्याच्या हिंदी सिनेमात सिंक साउंड करून दाखवला आणि त्यानंतर वारं बदललं.

जागेवर आवाज टिपणं म्हणजे काय, हे कराड-वाळवा पट्ट्यात ऊसतोडीच्या दिवसांत काम करणाऱ्याला विचारावं. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येतो तो मोठ्यानं गाणी लावून. रस्ता अर्धा किलोमीटर लांब असला तरी ती गाणी मायकात शिरतात. पहाटे देवळाच्या कर्ण्यावर काकडआरती, दुपारी कुणाच्या तरी विहिरीवर मोटर चालू, संध्याकाळी शेजारच्या गल्लीत वाढदिवसाचा डीजे. युनिटचा स्वतःचा जनरेटर तर लांब नेऊन, आड लावून ठेवावाच लागतो. बूम धरणारा माणूस लांब काठीच्या टोकाला मायक घेऊन नटाच्या डोक्यावर, चौकटीच्या कडेला चिकटून उभा असतो. शिवाय नटाच्या कपड्यांत छोटा लेपल मायक दडवलेला असतो. नऊवारीच्या पदराखाली तो लपवला तर दर हालचालीला कापड घासल्याचा आवाज येतो. त्यासाठी चिकटपट्टीच्या गुंडाळीत मायक बसवायची खटपट तासन्‌तास चालते.

इतकं करून मिळतं काय? नट ज्या क्षणी खरोखर चिडला किंवा घाबरला, त्या क्षणीचा श्वास. स्टुडिओतल्या थंड खोलीत, तीन महिन्यांनी, कानाला हेडफोन लावून तो श्वास पुन्हा येतोच असं नाही.

डबिंगला मी कमी लेखत नाही. मुसळधार पावसातलं दृश्य, पाठलाग, गर्दी अशा ठिकाणी त्याला पर्याय नाही. पण सातारा-सांगलीच्या सिनेमांचं खरं नुकसान डबिंगमध्ये होतं ते बोलीचं. गावातली दुय्यम पात्रं, म्हणजे पारावर बसलेली माणसं, पाणवठ्यावरच्या बाया, एसटीचा कंडक्टर, यांचे आवाज शहरातल्या डबिंग कलाकारांकडून भरून घेतले जातात. ते 'लय' आणि 'व्हय' म्हणतात, 'ण'चा 'न' करतात, आणि त्यांना वाटतं झालं ग्रामीण. साताऱ्याच्या बोलीचा चढ-उतार वेगळा, शिराळ्याचा वेगळा, आणि कर्नाटकाला लागून असलेल्या जत तालुक्यात मराठीच्या चालीवर कानडीची सावली. तिथला म्हातारा वाक्य जिथं संपवतो तिथं सूर खाली आणत नाही. शब्द लिहून देता येतात, सूर लिहून देता येत नाही. 'लागिरं झालं जी' (२०१७) या मालिकेनं साताऱ्याकडचं बोलणं रोज संध्याकाळी घराघरांत नेलं, आणि प्रेक्षक पात्रांइतकेच त्या बोलण्यावर लोभावले, हे निर्मात्यांनी ध्यानात घ्यायला हवं होतं.

संवादफेकीचा विषय निघाला की मला 'सामना' आठवतो. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांचं लेखन, आणि साखरपट्ट्यातल्या सत्तेची गोष्ट. एका बाजूला निळू फुले, दुसऱ्या बाजूला साताऱ्यात १९२७ साली जन्मलेले डॉ. श्रीराम लागू. फुल्यांचा हिंदुराव जड, संथ, घोगऱ्या आवाजात अर्धं वाक्य बोलून थांबतो. लागूंचा दारूत बुडालेला मास्तर स्पष्ट, शहरी, घासून घेतलेल्या आवाजात प्रश्न विचारतो. चित्र बंद करून फक्त आवाज ऐकला तरी कोण सत्तेत आहे आणि कोण बाहेरचा आहे हे कळतं.

दिसणारा बोलतो, न दिसणाराही बोलतो

आवाजाचा उगम चौकटीत दिसतो की नाही, हा सिनेमातला फार महत्त्वाचा फरक. नट बोलताना दिसतो तेव्हा आवाज चित्राला बांधलेला असतो. दाराबाहेरून हाक येते तेव्हा चौकट आपोआप मोठी होते. न दाखवलेलं घर, अंगण, रस्ता डोक्यात तयार होतो. कमी पैशांत मोठं गाव दाखवायची ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुनी युक्ती.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त तिचा जो वापर आहे, तो मराठी सिनेमात अजून कुणाला मागे टाकता आलेला नाही. नायक जब्याचं कुटुंब डुकरामागे धावतंय, डुक्कर हाती लागणार, एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. शाळा चौकटीत असण्याची गरजच नाही. तो आवाज आला की सगळे जागच्या जागी ताठ उभे, आणि डुक्कर निघून जातं. या प्रसंगातून राष्ट्रगीताचा आवाज काढून टाका, काही उरत नाही.

याहून वेगळा प्रकार म्हणजे कथेतल्या जागेत नसलेला आवाज, म्हणजे निवेदन. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'मध्ये (२०२०) नायक रात्री मोटारसायकलवरून मुंबईच्या रिकाम्या रस्त्यानं जातो आणि कानात माई या गायिकेची जुनी व्याख्यानं ऐकतो. माई पडद्यावर कधीच येत नाही. तो आवाज दिला आहे दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांनी. कानात खरोखर वाजणारी ध्वनिफीत हळूहळू नायकाच्या मनातला न्यायाधीश होऊन बसते. दिसत नसल्यामुळेच तिच्याशी वाद घालता येत नाही.

सांगलीकरांना ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं म्हणायचं काम सूत्रधाराचं होतं. तो साथीदारांसह बाजूला उभा राहून कथा गाऊन सांगे, आणि पात्रं त्याबरहुकूम हालचाल करत, मधूनमधून आपल्या मनचं बोलत. आवाज एकाचा आणि शरीर दुसऱ्याचं ही सोय मराठी प्रेक्षकानं सिनेमाच्या कितीतरी आधी मान्य केली होती. पार्श्वगायनाचं मूळ मी तिथं शोधतो.

परिसराचा आवाज

कुठलीही जागा पूर्ण गप्प नसते. रिकाम्या खोलीलाही तिचा आवाज असतो. पंखा, भिंतीपलीकडचा रस्ता, पत्र्यावर सरकणारं ऊन. चित्रीकरण संपलं की रेकॉर्डिस्ट सगळ्यांना मिनिटभर गप्प उभं करतो आणि तो रिकामा आवाज टिपून ठेवतो. त्याला रूम टोन म्हणतात. संवादाचे तुकडे जोडताना मध्ये पडणाऱ्या फटी यानं भरतात. तो नसेल तर प्रत्येक वाक्यानंतर आवाज खड्ड्यात पडल्यासारखा वाटतो.

मोकळ्या जागेचा असा आवाज म्हणजे ॲम्बियन्स. इथं आपल्या भागाची श्रीमंती खरी कळते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तिथून शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या माण-आटपाडीत पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक खूश असतात. पश्चिमेला कोयनेच्या खोऱ्यात जुलैमधली पहाट म्हणजे पानांवरून ठिबकणारं पाणी आणि त्यातून शीळ घालणारा शीळकरी कस्तूर. माणसानंच शीळ घातली असं वाटावं अशी ती शीळ. मधल्या नदीकाठच्या पट्ट्यात उसाच्या पात्यांची कोरडी सळसळ, गुऱ्हाळाचं इंजिन, मळीवरची बगळ्यांची कचकच. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती वारा कापतात त्याचा ठरावीक लयीतला घुमार. आणि पूर्वेला माणदेशात सगळ्यात जास्त ऐकू येतो तो वारा, मग मेंढरांचं बें बें, धनगराची शिट्टी, रात्री टिटवी.

सिनेमात यातलं काय येतं? बहुतेक वेळा एक तयार 'गावची सकाळ' येते. कोंबडा आरवतो, देवळात घंटा वाजते, पक्षी किलबिलतात. कुठलं गाव, कुठला महिना, काही नाही. साउंड लायब्ररीतून उचललेल्या या किलबिलाटात कधीकधी परदेशातले पक्षी असतात, आणि पक्ष्यांचा कान असलेल्या माणसाला ते लगेच खटकतं. पावशा ओरडतो तो पावसाच्या तोंडावर. सुगीच्या दृश्यात त्याचा आवाज आला तर शेतकऱ्याच्या लेखी ते दृश्य तिथंच खोटं पडतं. बेडकांचा कोरस पहिल्या दमदार पावसानंतरचा. तो जानेवारीत ऐकवून चालत नाही.

एक उदाहरण मेणवलीचंच. नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून मिळालेली. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. पंचधातूची आणि अवजड, त्यामुळे तिचा नाद देवळातल्या घंटेसारखा लगेच विरत नाही. ठोका ऐकू आल्यावर मागचा घुमार घाटाच्या पायऱ्यांवर आणि पाण्यावर आपटून परत येतो. घाटाची दृश्यं कितीतरी सिनेमांत आली. त्या घंटेचा खरा नाद ज्याला त्याच्या सिनेमात हवा असेल, त्यानं पहाटे, वर्दळीआधी, दोन मायक लावून तो स्वतंत्र टिपून घ्यावा. कॅमेऱ्याशिवाय असे सुटे आवाज टिपून ठेवण्याला वाइल्ड ट्रॅक म्हणतात, आणि चांगला रेकॉर्डिस्ट जेवणाच्या सुट्टीत हेच करत हिंडत असतो.

पावलं, बांगड्या, कडी-कोयंडा

जागेवर मायक नटाच्या तोंडाकडे रोखलेला असतो, त्यामुळे पायांचा, कपड्यांचा, भांड्यांचा आवाज नीट येत नाही. हे आवाज नंतर स्टुडिओत माणूस पडद्याकडे बघत हातापायांनी वाजवतो. या कामाला फोली म्हणतात, ते युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोली यांच्या नावावरून. काम तीन फेऱ्यांत होतं: आधी पावलं, मग कपडे, मग वस्तू. स्टुडिओत जमिनीचे वेगवेगळे चौकोन केलेले असतात. कुठं माती, कुठं खडी, कुठं फरशी, कुठं लाकूड.

शेणानं सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पाय जवळजवळ वाजतच नाही. एक मऊ थाप येते. वाड्याच्या शहाबादी फरशीवर तोच पाय चटचटतो. नवी कोल्हापुरी चप्पल करकरते, जुनी फटफटते. सासरी नव्यानं आलेल्या मुलीचं चालणं बांगड्या आणि पैंजणांवरून कळतं, आणि पुढे त्याच घरात तिचा वावर वाढला की तोच आवाज बदलायला हवा. हे बारकावे फोली कलाकार बघतो. जुन्या वाड्याच्या दाराला कडी-कोयंडा असतो. तिथं आधुनिक बोल्टचा आवाज घातला की दारही खोटं आणि वाडाही खोटा.

ऐतिहासिक सिनेमात तर खरा आवाज वापरायची सोयच नसते, कारण प्रेक्षकाला खोट्याची सवय झालेली असते. घोड्यांच्या टापा नारळाच्या करवंट्यांनी काढायची पद्धत जगभर चालत आली आहे. चामडी म्यानातून तलवार काढली तर फारसा आवाज होत नाही, पण पडद्यावर ती 'शिंग' करून आली नाही तर लोकांना धारच जाणवत नाही. अशा मुद्दाम वाढवलेल्या आवाजांना परिणाम किंवा इफेक्ट म्हणतात. वीज चमकताक्षणी गडगडाट हाही त्यातलाच प्रकार. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे एक किलोमीटरवरच्या विजेचा गडगडाट तीन सेकंदांनी यायला हवा. सिनेमा तेवढं थांबत नाही.

हाच हिशेब कुस्तीच्या मैदानात लावून बघा. फडाच्या एका टोकाला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला शंभर मीटरवर हलगीवाला. त्याची काडी चामड्यावर पडलेली दिसते आणि आवाज पाव सेकंदाहून थोडा उशिरा पोचतो. सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबानं सात चौकटींचा फरक. संकलक तो आवाज अलीकडे ओढून काडीशी जुळवून घेतो, आणि प्रेक्षकाला वाटतं हलगी आपल्या शेजारीच वाजतेय.

वाद्य दिसतं, वाद्य दिसत नाही

संगीताचेही असेच दोन भाग. पात्रांना ऐकू येणारं, म्हणजे रेडिओ, बँड, भजन, तमाशाचा फड. आणि फक्त प्रेक्षकाला ऐकू येणारं, म्हणजे पार्श्वसंगीत. मराठी सिनेमानं हा फरक फार लवकर ओळखला. 'प्रभात'च्या 'कुंकू'मध्ये (१९३७) व्ही. शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे यांनी वरून लादलेलं पार्श्वसंगीत टाळलं. घरातले, रस्त्यावरचे, ग्रामोफोनचे, घड्याळाचे आवाज यांवरच सिनेमा उभा केला. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेल्या मुलीची ही गोष्ट. तिच्या घुसमटीला व्हायोलिनची मदत न घेता घड्याळाची टिकटिक पुरते हा विश्वास १९३७ साली दाखवला गेला. आज दर दोन मिनिटांनी भरून येणारं पार्श्वसंगीत ऐकलं की तो विश्वास कुठं गेला असा प्रश्न पडतो.

तमाशापटांत दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळले. शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) हे वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. विट्याकडचे फड अजूनही नावाजलेले. फडावर ढोलकी, हलगी, तुणतुणं, कडी, टाळ एवढीच सामग्री. अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका'पासून (१९५९) 'पिंजरा'पर्यंत (१९७२) पडद्यावर तोच फड दिसतो, पण लावणीच्या मध्ये वाजणारे वाद्यवृंदाचे तुकडे स्टुडिओतले असतात. दिसतं तुणतुणं आणि ऐकू येतं पुष्कळ काही. प्रेक्षकानं त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, कारण ढोलकीचा बोल मात्र खरा होता, हाताशी जुळलेला होता.

'दो आंखें बारह हाथ' (१९५७) या शांतारामांच्या सिनेमाचं मूळ सांगली जिल्ह्यातलं. औंध संस्थानानं १९३० च्या दशकाच्या अखेरीस आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. कुंपणाशिवाय, शेती करत राहायचं. ती कल्पना पटकथेत आणली ग. दि. माडगूळकरांनी, ज्यांचा जन्म त्याच मुलखातल्या शेटफळेचा. सहा कैद्यांच्या रुक्ष जगात खेळणी विकणारी चंपा येते ती आपली वाजणारी खेळणी घेऊन, आणि वसंत देसाईंच्या संगीतात त्या खेळण्यांच्या आवाजाला जागा मिळते. कुदळी-फावड्यांच्या सिनेमात तो आवाज आला की कैद्यांचे चेहरे का बदलतात हे सांगावं लागत नाही.

आता मिरजेकडे वळतो, कारण इथं आवाज शब्दशः हातानं घडतो. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा वाळवून, कापून, त्यावर लाकडी दांडी चढते, आणि सगळ्यात नाजूक काम शेवटी येतं ते जवारीचं. घोडीचा पृष्ठभाग कानसेनं इतका हलका घासायचा की तार तिच्यावर टेकते न टेकते, मग तारेखाली सुती धागा घालून तो केसभर पुढेमागे सरकवायचा. एका जागी तार ठस्स वाजते; धागा जरा हलला की तिच्यातून अनेक स्वर उघडतात आणि सगळी खोली भरून जाते. 'द डिसायपल'मध्ये तंबोरा मैफलीत दिसतो तेव्हा तो पात्रांचा. नायक घरी, रस्त्यावर असताना तोच नाद कानावर येतो तेव्हा तो त्याच्या आतला होतो. एकच वाद्य, एकच स्वर, आणि जागा बदलली की प्रकार बदलला.

गाणं

भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला आला, पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' फेब्रुवारी १९३२ मध्ये. त्या काळी गाणं कॅमेऱ्यासमोरच गायचं. साथीदार चौकटीबाहेर दडलेले, मायक कुठंतरी लपवलेला, आणि नट चुकला की सगळं पहिल्यापासून. मास्टर दीनानाथांच्या बलवंत मंडळीनं 'कृष्णार्जुन युद्ध' (१९३४) केला तो याच काळात. नाटकात टाळ्यांच्या जोरावर एकच ओळ दहा तऱ्हांनी घेणाऱ्या गायकाला फीत मोजून गायला लावणं किती जाचक असेल याची कल्पना करता येते. सिनेमा चालला नाही. पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, कलकत्त्यात 'धूप छांव'मध्ये पार्श्वगायनाची रीत सुरू झाली. गाणं आधी टिपायचं आणि चित्रीकरणाच्या वेळी वाजवून नटानं ओठ हलवायचे. सांगलीत वाढलेली दीनानाथांची थोरली मुलगी वडिलांच्या मृत्यूच्याच वर्षी, १९४२ मध्ये, 'पहिली मंगळागौर'साठी गायली, आणि पुढे या रीतीलाच तिनं आपला आवाज दिला. लता मंगेशकरांच्या गाण्यात पडद्यावरची नटी बदलली की आवाजाचं वय आणि वजन बदलतं. तो आवाजानं केलेला अभिनय होता.

शांतता

सिनेमातली शांतता म्हणजे आवाज बंद करणं नव्हे. फीत पूर्ण कोरी ठेवली तर प्रेक्षक मागे वळून प्रोजेक्टरच्या खिडकीकडे बघतो. म्हणून शांततेतही रातकिडे, लांबचं कुत्रं, वाऱ्याची झुळूक असं काहीतरी ठेवतात आणि त्यामुळे ती अधिक गाढ वाटते. पण 'सैराट'च्या (२०१६) शेवटी मंजुळे यांनी हा नियम मोडला. अख्खा सिनेमा अजय-अतुल यांच्या भरगच्च संगीतानं दुमदुमलेला, आणि शेवटी लहान मूल घरातून बाहेर येतं तेव्हा आवाज नाहीच. मूल रडताना दिसतं, ऐकू येत नाही. झिंगाटवर शिट्ट्या मारणाऱ्या थिएटरात त्या क्षणी स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

मिश्रण

शेवटी हे सगळे आवाज एका टेबलावर येतात. समजा, प्रसंग असा: खानापूर तालुक्यातलं घर, संध्याकाळ, सून चुलीपुढे, सासरा ओसरीवर, मुलगा द्राक्षबागेचं कर्ज थकल्याचं सांगतोय. संवादाचे दोन पदर, चुलीतला फडफडाट, भाकरी थापल्याचा आवाज, गोठ्यातल्या म्हशीची साखळी, बाहेरचा वारा, लांब बागेतल्या फवारणीचा ट्रॅक्टर, आणि पार्श्वसंगीताची एक ओळ. सगळे एकदम ऐकवले तर कोलाहल. मिक्सिंग करणारा ठरवतो की 'कर्ज' शब्दाच्या आधी भाकरी थापायचा आवाज थांबतो. सुनेचा चेहरा दाखवायची गरज संपते. तिच्या हाताचं थांबणं ऐकू आलं.

या कामातलं आपल्याकडचं मोठं नाव मंगेश देसाई. राजकमल कलामंदिरात ते मिक्सिंग करत. 'शोले' त्यांच्या हातून गेला, आणि सत्यजित राय यांच्यासारखे दिग्दर्शकही त्यांच्याकडे येत. त्या काळी मिक्सिंग म्हणजे मोठा भाग अव्याहत चालवून, हातानं कळा वर-खाली करत एकदम पार पाडायचं काम. चूक झाली की रीळ पहिल्यापासून. आता संगणकावर शेकडो पदर वेगवेगळे ठेवता येतात, हव्या त्या क्षणाला परत जाता येतं. त्यामुळे काम सोपं झालं आणि आवाज मात्र गच्च झाले, असं माझं मत आहे. पदर आहेत म्हणून सगळे भरायचे, हा मोह सुटत नाही.

चित्रपटगृहात संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतो, संगीत डाव्या-उजव्या बाजूंनी, परिसर मागून-बाजूंनी आणि अगदी खोल आवाज वेगळ्या सबवूफरमधून. पण आज सांगली-साताऱ्यातला निम्म्याहून अधिक प्रेक्षक तोच सिनेमा मोबाइलवर बघत असावा, आणि जत्रेतल्या तंबूत तर तो एका बाजूला जनरेटर धडधडत असताना ऐकायचा असतो. धनगरी गजीनृत्यातल्या ढोलाचा खोल घुमार फोनच्या स्पीकरमधून बाहेरच येत नाही. म्हणून जाणता मिक्सिंग इंजिनिअर शेवटी एका साध्या छोट्या स्पीकरवर सगळं पुन्हा ऐकतो आणि ढोलाच्या घुमाराबरोबर काठीचा चामड्यावर पडणारा वरचा ठसकाही थोडा वर आणून ठेवतो. घुमार हरवला तरी ठेका हरवू नये म्हणून.